होडीच्या ट्रॉलीचा टायर घासतो तेव्हा आधी काय मोजायचे



१ जूनपासून ६१ दिवसांची बंदी लागते. त्याआधीच्या आठ-दहा दिवसांत होड्या पुळणीवरून वर काढायची सगळ्यांचीच घाई असते. पूर्वी खाली ओंडके घालायचे आणि दहा-बारा जणांनी खांदा लावला की होडी वर. आता तेवढी माणसे जमत नाहीत, म्हणून दोन चाकांची ट्रॉली आली. ट्रॉली आली तशी तिची दुखणीही आली. त्यातले सगळ्यात जास्त ऐकू येणारे दुखणे म्हणजे "टायर घासतो". यावर आज जरा सविस्तर लिहितो, कारण गेल्या वर्षी आम्ही स्वतः ते हलक्यात घेतले आणि त्याचा भुर्दंड एका सभासदाला पडला.

झाले असे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात संस्थेच्या ट्रॉलीवर एक फायबर होडी चढवून जीपने वर आणत होते. चढणीला मागून चालणारा तांडेल ओरडला, "रबर जळल्याचा वास येतोय." पुढच्याने ऐकले नाही. वळणावर डावा टायर फुटला, होडी त्या बाजूला कलंडली आणि खाली दगडावर बसली. बाजूला चालणारे दोघे वेळेवर उडी मारून सरकले म्हणून वाचले. होडीच्या तळाचे फायबर हातभर फाटले. पावसाच्या ओलाव्यात रेझिन धड बसत नाही, त्यामुळे काम लांबले आणि १ ऑगस्टला बाकीच्या होड्या पाण्यात गेल्या तेव्हा ती होडी खोपीतच होती. मोसमाचे पहिले दहा दिवस गेले. ते दिवस काय असतात हे तुम्हाला सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी मडगार्डच्या आत हात घालून पाहिले तर पत्रा आरशासारखा चकचकीत. म्हणजे टायर एका दिवसात घासला नव्हता, बरेच महिने घासत होता. कुणी पाहिले नाही, आम्हीसुद्धा नाही.

आता टायर घासतो म्हणजे नेमके काय होते? ट्रॉलीची चासी पाट्यांवर बसते, पाटे अॅक्सलवर आणि अॅक्सल चाकांवर. वजन पडले की पाटे चपटे होतात आणि चासी अॅक्सलच्या जवळ येते. टायरचा माथा आणि मडगार्ड यांच्यात जी जागा रिकाम्या ट्रॉलीत दिसते, ती होडी चढवल्यावर निम्मी होते. खड्ड्यात चाक आपटले की आणखी कमी. म्हणून रिकामी ट्रॉली पाहून "भरपूर जागा आहे" म्हणणे फसवे. आमचा हिशोब सोपा आहे. होडी, इंजिन, जाळी सगळे चढवून सपाट जागेवर उभे केले की टायरच्या माथ्यावर चार बोटे आडवी जायला हवीत, म्हणजे साधारण ३ इंच. आतल्या बाजूला, टायर आणि चासी किंवा पाटे यांच्यात, निदान एक इंच. ज्यांच्या ट्रॉलीला मडगार्डच नाही आणि होडीचा पोटाकडचा भाग चाकावर येतो, त्यांनी हेच माप टायर आणि होडी यांच्यात घ्यावे. तिथे टायर पत्र्याला नाही, सरळ फायबरला खातो.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण तो आपल्याकडे फार पसरलेला आहे. टायर घासायला लागला की बरेच जण हवा कमी करतात, टायर बसला की जागा वाढेल म्हणून. जागा वाढत नाही. हवा कमी केल्यावर टायर खालून बसतो, जमिनीला टेकतो तिथे. चाकाचा मधला हब खाली येतो आणि त्याबरोबर चासी, मडगार्ड सगळेच तेवढे खाली येते. माथ्यावरचे अंतर जसेच्या तसे. उलट हवा कमी झाली की टायरचे गाल बाहेर फुगतात, म्हणजे बाजूची जागा घटते आणि टायर तापतो. पुळणीवर रुतू नये म्हणून हवा थोडी कमी करणे ठीक आहे, ती आपली जुनी युक्ती आहे. पण डांबरी रस्त्यावर चढण्याआधी हवा परत भरलीच पाहिजे. पायाने मारायचा पंप ट्रॉलीलाच बांधून ठेवा.

आमच्या ट्रॉलीचे दुखणे दोन कारणांचे मिळून होते. ती बनवली तेव्हा तिला १२ इंची रिमवर १४५/७० आर १२ मापाचे टायर होते, जुन्या मारुती ८०० ला येतात ते. नंतर रेतीत चाक कमी रुतावे म्हणून आम्हीच १३ इंची रिम आणि १५५/८० आर १३ टायर घातले. हिशोब करून पाहा. पहिल्या टायरची पूर्ण उंची सुमारे ५०८ मिलिमीटर, दुसऱ्याची सुमारे ५७८. फरक ७० चा. त्यातला निम्मा खाली जाऊन ट्रॉली उंच करतो आणि निम्मा वर जाऊन मडगार्डकडची जागा खातो. म्हणजे ३५ मिलिमीटर, जवळजवळ दीड इंच, आम्ही टायर बदलला त्या दिवशीच घालवले होते. ट्रॉली उंच झालेली दिसली म्हणून सगळे खूश. वरची जागा कुणी मोजली नाही.

मग जुने टायर परत घालायचे का? आम्हालाही आधी तेच वाटले. पण टायरच्या गालावर मापानंतर एक आकडा असतो, तो तो टायर किती वजन पेलतो ते सांगतो. आमच्या जुन्या टायरवर ६९ आहे, म्हणजे एका टायरला ३२५ किलो, दोन्ही मिळून ६५०. नव्यावर ७९ आहे, म्हणजे ४३७ किलो, दोन्ही मिळून ८७४. होडी, इंजिन, जाळी आणि खुद्द ट्रॉली धरून वजनकाट्यावर आमचे वजन ६५० च्या वर निघाले. म्हणजे जुने टायर जागा देतात पण भार पेलत नाहीत. मोठे टायर ठेवणे भाग होते. प्रत्येकाने एकदा भरलेली ट्रॉली काट्यावर नेऊन पावती जपून ठेवावी. अंदाज चुकतो, आमचा चुकला.

आणि हो, पाणी. होडीच्या तळात ४ मीटर लांब आणि १ मीटर रुंद जागेत फक्त ५ सेंटिमीटर पावसाचे पाणी साचले तरी ते २०० लिटर, म्हणजे २०० किलो झाले. पावसात ट्रॉलीवरच होडी ठेवणाऱ्यांचे पाटे दोन मोसमांत का बसतात ते यातून कळेल. तळाचे बूच काढून ठेवा, पुढची बाजू थोडी उंच ठेवा आणि जमल्यास चासीखाली चार लाकडी ठोकळे देऊन पाट्यांवरचा भार काढा.

दुसरे कारण डाव्या पाट्यांचे. भरलेल्या ट्रॉलीचे माप घेतले तर उजवीकडे दीड इंच जागा आणि डावीकडे फक्त ४ सूत. दोन्हीकडे सारखीच कमी असती तर टायर किंवा वजनाचा दोष म्हटला असता. एकाच बाजूला कमी, म्हणजे त्या बाजूचे काहीतरी गेले आहे. खोलून पाहिले तर मेन पाट्याला डोळ्याजवळ चीर गेली होती आणि गंजाने पाटे एकमेकांना चिकटून बसले होते. खाऱ्या पाण्यात जाणाऱ्या ट्रॉलीचे पाटे रस्त्यावरच्या गाडीसारखे वर्षानुवर्षे टिकत नाहीत, हे धरूनच चालावे.

म्हणून वेल्डिंगवाल्याकडे जाण्याआधी टेप आणि खडू घेऊन घरीच अर्धा तास द्या. दोन्ही बाजूंचे माथ्यावरचे अंतर लिहा, आधी रिकामे मग भरलेले. मग पुढच्या हुकाच्या मध्यापासून डाव्या हबपर्यंत आणि उजव्या हबपर्यंत टेप धरा. दोन मापांत दोन सुतांपेक्षा जास्त फरक आला तर अॅक्सल तिरका झाला आहे. बहुतेक वेळा यू बोल्ट सैल पडलेला असतो किंवा पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटून अॅक्सल मागे सरकलेला असतो. तिरका अॅक्सल टायरला मडगार्डच्या कडेवर नेऊन घासतो आणि ट्रॉली रस्त्यावर खेकड्यासारखी आडवी चालते. टायरची आतली कड जास्त झिजली असेल आणि दोन्ही चाकांचे माथे आत झुकलेले दिसत असतील तर अॅक्सल जास्त वजनाने वाकला आहे. त्याला ठोकून सरळ करू नका, बदला. शेवटी चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा. खडखड वाजले तर बेअरिंग ढिले आहे. आपली चाके गरम असतानाच पाण्यात जातात, हब एकदम थंड होतो आणि आत पाणी ओढून घेतो, म्हणून बेअरिंग लवकर जाते. पाण्यात उतरवण्याआधी दहा मिनिटे ट्रॉली उभी ठेवली आणि दर महिन्याला ग्रीस बदलले तर बरेच वाचते.

उपाय करताना स्वस्तातला आधी. आम्ही दोन्ही बाजूंचे पाटे नवीन घातले. एकाच बाजूचे कधीच बदलू नयेत, ट्रॉली कलते. जुन्याच पाट्यांना भट्टीत घालून कमान मारून देणारे आहेत, पण नीट पाणी दिलेले नसेल तर ती कमान एका मोसमात बसते. नवीन पाट्यांनी जागा दोन्हीकडे २ इंच झाली. अजून एक इंच हवा होता, तो मडगार्डचे ब्रॅकेट कापून वर घेतल्याने मिळाला. होडीला अडत नव्हते म्हणून हे जमले. अर्ध्या दिवसाचे काम.

एक जादा पाटा घालून टाकू, असे सुचवणारे बरेच भेटतील. त्याने चासी वर राहते हे खरे, पण अॅक्सल आणि टायर जेवढे पेलत होते तेवढेच पेलणार. शिवाय रिकामी ट्रॉली उडायला लागते आणि सगळा धक्का वेल्डिंगवर जातो.

वरचे सगळे करूनही जागा मिळत नसेल तर चासीच उचलावी लागते. आपल्या एका सभासदाच्या ट्रॉलीला तेच करावे लागले, कारण होडीचे पोट थेट चाकावर येत होते. त्याच्या ट्रॉलीत पाटे अॅक्सलच्या खाली बांधलेले होते. ते अॅक्सलच्या वर घेतले. अॅक्सलची पाइप ५० मिलिमीटर जाडीची आणि ६ मिलिमीटरचे चार पाटे, म्हणजे चासी ७४ मिलिमीटर वर गेली, पावणेतीन इंचांच्याही थोडी वर. पण हे करताना अॅक्सल उलटा फिरवायचा नाही. काही अॅक्सलला मधे वरच्या बाजूला हलकी कमान मुद्दाम दिलेली असते, उलटा केला की चाकांचे माथे आत झुकतात. अॅक्सल आहे तसाच ठेवून पाट्यांची नवी बैठक वरच्या बाजूला वेल्ड करायची. वेल्डिंग पाइपच्या लांबीच्या दिशेने, पाइपभोवती गोल फिरवून नाही. गोल वेल्ड केले तर भाराखाली तिथूनच चीर जाते. गॅल्वनाइज केलेला भाग असेल तर आधी ग्राइंडरने जस्त घासून काढायला सांगा आणि काम उघड्यावर करायला सांगा. त्याचा धूर छातीत गेला की रात्री थंडीताप भरतो. यू बोल्ट नवीनच घ्यावेत, आडव्या जोडीने सारखे कसावेत आणि पहिली होडी आणून झाल्यावर परत पाना लावून पाहावा. पहिल्या फेरीनंतर ते हमखास थोडे सैल पडतात.

चासी उचलल्याचे तोटेही आहेत. तेवढी ट्रॉली पाण्यात जास्त खोल न्यावी लागते, नाहीतर होडी तरंगत नाही. होडी उंच बसल्याने वळणावर कलंडायचा धोका वाढतो. आणि ओढणाऱ्या गाडीचा हुक जुन्याच उंचीवर राहिला तर ट्रॉली पुढे वाकते. हुकही तेवढाच वर घ्यावा आणि एकूण वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढा भार हुकावर येईल अशी होडी पुढे-मागे सरकवावी. इंजिन मागे लटकत असल्याने आपल्या होड्यांचा भार मागेच जातो. शक्यतो इंजिन काढून वेगळे आणा.

मुख्य रस्त्यावरून नेणार असाल तर ट्रॉलीची नोंदणी, नंबर आणि मागचा दिवा लागतोच, त्याबद्दल पुन्हा कधीतरी लिहू.

येत्या रविवारी सकाळी ८ वाजता संस्थेच्या शेडपाशी सगळ्यांच्या ट्रॉल्यांची मापे घेणार आहोत. जॅक, टेप आणि ग्रीस संस्थेकडे आहे. रिकामी ट्रॉली आणून उपयोग नाही, होडी चढवूनच आणा. आणि बूच काढून, तळातले पाणी सोडून या.