वाढलेले काम आणि वाढलेली वेळ

औसा येथील बाजारपेठेतील एखाद्या कापड दुकानाची कल्पना करावी. नोकर ठेविला तो गिऱ्हाइकास माल दाखविण्याकरिता. काही महिन्यांनी कारकून काम सोडून गेला, म्हणून वहीखाते त्याच्याकडे आले. पुढे लातूरहून माल आणण्याचे कामही त्याच्याच गळ्यात पडले. पगार मात्र होता तोच राहिला. दुकान बंद झाल्यावर तो तासभर जमाखर्च लिहीत बसतो. मालक म्हणतो, "दुकान घरचेच समज." नोकर म्हणतो, "मग या तासाचे पैसे कोठे आहेत?"

या तंट्यात दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र मिसळतात. एक काम वाढणे, दुसरी वेळ वाढणे. ठरलेल्या तासांतच मालकाने दुसरे काम सांगितले, तर त्यास जादा वेळ म्हणता येत नाही. तो प्रश्न नेमणुकीच्या वेळी झालेल्या कराराचा आहे. ठरलेले तास उलटून गेल्यावर मात्र प्रत्येक तासाची किंमत कायद्याने बांधून दिली आहे.

ही किंमत सहजासहजी ठरलेली नाही. औसा निजामाच्या राज्यात असताना, १८८४ साली, मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवून कामास वेळेची मर्यादा, दुपारची अर्ध्या तासाची सुटी आणि रविवारची विश्रांती मागितली. रविवारची सुटी मिळण्यास १८९० साल उजाडले. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने जादा तासांस दुप्पट वेतन ठरविले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहितेतही किमान वेतन ठरलेल्या नोकरास जादा वेळेचा दर दुपटीहून कमी असू नये, असेच सांगितले आहे.

हिशेब सोपा आहे. ताशी पन्नास रुपये पडत असतील आणि महिन्यातील २६ दिवस रोज एक तास अधिक भरत असेल, तर त्या तासांचे २,६०० रुपये होतात. ज्याला मालक किरकोळ मदत समजतो, ती नोकराच्या घरी महिन्याचा किराणा ठरू शकते.

वाढलेल्या कामाचा मोबदला मुळीच मिळत नाही, असेही नव्हे. अंदमानातील एका प्राथमिक शिक्षकाकडे स्काउट विभागाच्या सचिवाचे, वरच्या वेतनाचे काम सोपविले होते. पदोन्नती नव्हती, तरी ते काम प्रत्यक्ष केले त्या काळापुरते त्या पदाचे वेतन देणे योग्य, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली दिला. नोकरास नुसते "व्यवस्थापक" हे नाव दिल्यानेही जादा वेतनाचा प्रश्न मिटत नाही. तो मुख्यतः कोणते काम करतो, हे न्यायालये पाहतात.

तेव्हा शहाणपण आरंभीच्या लेखी करारात आहे. नवे काम सोपविताना मालकाने ते आणि त्याचा मोबदला कागदावर उतरवावा; नोकराने येण्याजाण्याची वेळ रोज टिपून ठेवावी. वेतनाचा दावा तीन वर्षांच्या आत करावा लागतो, आणि तीन वर्षांपूर्वीची संध्याकाळ कोणाच्याही स्मरणात नीट राहत नाही. ज्या दुकानात कापडाची वीतभर चिंधीही मोजून विकली जाते, तेथे माणसाचा तास न मोजता घेणे हा व्यवहार नव्हे.