दोघांचा समुद्राकाठचा मुक्काम: मोरोक्को दूर, मुरुड-जंजिरा आवाक्यात

निकाह ठरला की हल्ली घराघरांत एक विषय हमखास निघतो: वलीम्यानंतर दोघं जाणार कुठे? पूर्वी सेवाग्राम-वर्धा भागातल्या जोडप्यांसाठी याचं उत्तर ठरलेलं असायचं. नागपूरची मावशी, अमरावतीची फुफी, मग यवतमाळची दावत. आता मोबाईलवर मोरोक्कोची चित्रं येतात. पांढऱ्या भिंती, निळे दरवाजे, मधोमध कारंजं असलेलं अंगण, गच्चीवर पुदिन्याचा चहा आणि समोर समुद्र. एका मुस्लिम देशातलं असं सुंदर गाव पाहून आपलीही जोडपी हरखून जातात. यात लाजण्यासारखं काहीच नाही. लग्नानंतरचे चार निवांत दिवस ही चैन नाही, ती गरज आहे असं आम्हाला वाटतं.

पण पासपोर्ट, व्हिसा आणि विमानाचं भाडं हे गणित बहुतेक घरांना झेपणारं नसतं. म्हणून हौस सोडून द्यायची का? आम्ही म्हणतो, नाही. त्या चित्रात मनाला नेमकं काय भावतं ते आधी समजून घेऊ आणि मग ते आपल्या कोकणात कुठे मिळतं ते पाहू.

मोरोक्कोच्या त्या घरात असतं काय?

एसाविरा हे मोरोक्कोचं अटलांटिक महासागरावरचं तटबंदीचं बंदर. जुनं नाव मोगादोर. सुलतान मोहम्मद बिन अब्दुल्ला यांनी 1760 च्या दशकात ते नव्याने वसवलं. 2001 पासून त्याचं जुनं शहर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तटावर तोफा ओळीने मांडलेल्या आहेत आणि समोर समुद्रात छोटी बेटं दिसतात.

तिथे जोडपी ज्या घरांत उतरतात त्यांना 'रियाद' म्हणतात. मूळ अरबी शब्दाचा अर्थ बाग. गल्लीतून पाहिलं तर साधी भिंत आणि एक दरवाजा. खिडक्याही फारशा नाहीत. आत गेलं की मोकळं अंगण, झाडं, पाणी आणि चारही बाजूंनी खोल्या. घर बाहेरच्यांना तोंड दाखवत नाही, आतल्या माणसांसाठी उघडतं. आपल्याकडच्या जुन्या चौसोपी वाड्याची आठवण यावी असंच. खोल्या मोजक्या, त्यामुळे गर्दी नाही, गोंगाट नाही आणि सकाळची न्याहारी घरच्या हातची.

म्हणजे त्या मुक्कामाची गोडी महागड्या पलंगात नाही. ती दोन गोष्टींत आहे: दोघांना आडोसा मिळतो आणि घरधनी पाहुण्याला इज्जतीने वागवतो. या दोन गोष्टी विमानाशिवायही मिळू शकतात.

मुरुडच का?

रायगड जिल्ह्यातलं मुरुड हे आमच्या मते एसाविराचं जवळचं नातेवाईक. जंजिरा हा शब्दच अरबी 'जजीरा' म्हणजे बेट यावरून आला. समुद्रात उभा असलेला हा किल्ला आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींचा. त्यांचं संस्थान 1948 मध्ये भारतात विलीन झालं. किल्ल्यावर कलालबांगडीसारख्या तोफा आजही आहेत. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होड्या किल्ल्यापर्यंत नेतात. जवळच खोकरीला सिद्दी सरदारांच्या दगडी कबरी आहेत. नवाबांचा राजवाडा मात्र खासगी आहे, तो रस्त्यावरूनच पाहायचा.

किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. संध्याकाळी सूर्य थेट पाण्यात उतरताना दिसतो. आपण मगरिबच्या वेळी सूर्य तुरीच्या शेतामागे जाताना पाहणारी माणसं, त्यामुळे हे दृश्य मनात राहतं. शिवाय आसपास कोकणी मुस्लिमांची जुनी वस्ती आहे. त्यामुळे मशीद, हलाल जेवण आणि सलामाला सलाम, तिन्ही सहज मिळतात.

बुकिंग करताना एक सावधगिरी. 'मुरुड' नावाची गावं एकाहून अधिक आहेत. एक रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळ आहे, तेही समुद्राकाठी. एक तर लातूर जिल्ह्यात आहे. म्हणून 'मुरुड, जिल्हा रायगड' हे नीट पाहूनच पैसे भरायचे.

कसं जायचं?

वर्ध्याहून मुंबई रेल्वेने साडेसातशे किलोमीटरच्या वर आहे. सेवाग्राम एक्सप्रेस आणि विदर्भ एक्सप्रेस थेट सीएसएमटीला जातात. तिथून टॅक्सीने भाऊचा धक्का, मग मांडव्याला जाणारी रो-रो बोट आणि पुढे अलिबाग, रेवदंडा, काशीदवरून मुरुड. पूर्ण रस्त्याने जायचं तर मुंबई ते मुरुड सुमारे 165 किलोमीटर, एसटीही आहे. रेल्वेचं जवळचं स्टेशन रोहा. जाताना एक दिवस आणि येताना एक दिवस प्रवासातच जातो हे धरून चला. तीन रात्रींपेक्षा कमी मुक्काम असेल तर थकवाच पदरी पडेल.

पावसाळ्यात जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात, म्हणून ऑक्टोबर ते मार्च हा काळ बरा. 31 डिसेंबर आणि जोडून आलेल्या सुट्ट्या टाळा. तेव्हा भाडं वाढतं आणि आडोसा उरत नाही. जुम्याच्या दिवशी दुपारी होड्या चालतात का, हेही आधी विचारून घ्या.

कुठे उतरायचं?

कोकणात रस्त्याने जाताना 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय' अशा पाट्या जागोजागी दिसतात. आपला रियाद शोधायचा तो इथे. पुढे अंगण, मग पडवी आणि मागे नारळी-पोफळीची वाडी. सरकारची 'न्याहारी व निवास' ही योजनाही आहे. तिच्यात नोंद झालेलं घर मिळालं तर मनाला थोडा भरवसा राहतो.

मुरुड गावात किनाऱ्यालगत घरं आणि लॉज दोन्ही आहेत. बाजार, मशीद आणि दवाखाना जवळ हवा असेल त्यांनी इथे राहावं. किल्ला आणि खाडी पाहत बसायची आवड असेल तर राजपुरीच्या बाजूला चौकशी करा. अधिक शांतता हवी असेल तर उत्तरेला नांदगाव. काशीदचा किनारा देखणा आहे, पण शनिवार-रविवारी तिथे गर्दी उसळते.

आगरदांड्याहून दिघीला जाणारी फेरीबोट घेतली की श्रीवर्धन तालुका लागतो. दिवेआगर, श्रीवर्धन आणि हरिहरेश्वर हे किनारे तिकडे आहेत. हरिहरेश्वरला पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आहे. अनोळखी घरात राहायला संकोच वाटत असेल त्यांना ते सोयीचं पडेल.

वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. त्यामुळे आपल्या भागातल्या लेकी-सुनांना हॉटेलातल्या बारची सवय नाही. 'रिसॉर्ट' या शब्दामागे बऱ्याचदा बार आणि रात्रीचा डीजे असतो. फोनवर हे सरळ विचारायचं, त्यात भीड कसली?

फोनवर विचारायच्या गोष्टी

फोटो पाहून भुलू नका. आधी फोन करा आणि एवढं विचारा:

- खोलीला स्वतंत्र दरवाजा आहे का, की घरच्यांच्या माजघरातून जावं लागतं?
- संडास-बाथरूम खोलीला जोडून आहे का?
- त्याच दिवशी दुसरा मोठा ग्रुप उतरणार आहे का?
- चिकन-मटण हलाल असतं का? जेवण खोलीवर मिळेल का?
- बुकिंग रद्द केलं तर किती पैसे परत मिळतील?

सगळे पैसे आगाऊ देऊ नका, थोडा इसारा पुरे. यूपीआयवर दिसणारं नाव आणि घरमालकाचं नाव जुळतं का ते पाहा. बनावट फोटो टाकून बुकिंगचे पैसे उकळणाऱ्या टोळ्या आहेत. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका. ताबडतोब 1930 या सायबर हेल्पलाईनवर तक्रार करा. जितका उशीर, तितके पैसे हातातून गेले समजा.

ओळखपत्र आणि इज्जत

लॉजवाल्याला दोघांचंही ओळखपत्र लागतं. नवीन नवरीच्या आधारवर वडिलांचं नाव असतं, म्हणून काउंटरवर प्रश्न विचारले जातात आणि पोरगी उगाच कानकोंडी होते. नाव बदललेलं नसणं हा काही गुन्हा नाही. निकाहनाम्याची प्रत आणि फोटो जवळ ठेवा, दोन मिनिटांत विषय संपतो. हा अनुभव फक्त आपल्याच वाट्याला येतो असंही नाही. खुद्द मोरोक्कोत स्थानिक जोडप्यांकडे विवाहाचा दाखला मागण्याची हॉटेलांची जुनी रीत आहे. 2024 मध्ये तिथल्या न्यायमंत्र्यांनीच तिच्यावर जाहीर हरकत घेतली.

आधारची झेरॉक्स द्यायची झाल्यास 'मास्क्ड आधार' द्या. त्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात. खोलीत शिरल्यावर आरसा, घड्याळ, चार्जरचं सॉकेट आणि बाथरूमचा कोपरा नजरेखालून घाला. चोरून चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे. पहिल्याच वेळी किमान 1 ते कमाल 3 वर्षांची शिक्षा आहे. संशय आला तर वस्तूला हात न लावता 112 ला फोन करा. बदनामी गुन्हेगाराची होते, तुमची नाही.

नमाज आणि ताट: इथे थोडा फरक आहे

विदर्भातले आपण बहुतेक हनफी, तर कोकणी मुस्लिम शाफई. मुक्कामात हा फरक दोन ठिकाणी जाणवतो.

पहिलं म्हणजे असरची वेळ. शाफई मतानुसार असरची वेळ लवकर सुरू होते, म्हणून तिथली अजान आपल्या सवयीपेक्षा आधी कानावर येईल. गोंधळू नका. हनफी मतानुसार घरापासून इतक्या दूर पंधरा दिवसांपेक्षा कमी राहणारा मुसाफिर असतो. जोहर, असर आणि इशाच्या चार फर्जऐवजी तो दोन पढतो. स्थानिक इमामामागे पढली तर मात्र पूर्ण चार. जास्तीचे बारकावे निघण्यापूर्वी आपल्या इमामसाहेबांना विचारा.

दुसरं म्हणजे ताट. शाफई मतात समुद्रातले बहुतेक जीव हलाल आहेत, त्यामुळे कोकणी घरात चिंबोऱ्या आणि तिसऱ्या आवडीने रांधतात. हनफी मतात फक्त मासळी चालते आणि कोळंबीबद्दल उलमांत मतभेद आहेत. यजमान प्रेमाने वाढतो आणि पाहुणा अवघडून बसतो, असं व्हायला नको. आधीच सांगून ठेवा: आम्हाला सुरमई, पापलेट, बोंबील चालेल. सोबत तांदळाची भाकरी आणि सांदणं मिळाली तर हातचं सोडू नका.

समुद्र म्हणजे तलाव नाही

हा भाग नवऱ्या मुलांनी दोनदा वाचावा. आपल्याला बोर धरणाचं पाणी माहीत आहे, समुद्राचं नाही. दिवसातून साधारण दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते आणि वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. ओहोटीचं पाणी माणसाला आत खेचतं. 1 फेब्रुवारी 2016 रोजी पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी याच मुरुडच्या समुद्रात बुडाले. ती सगळी आपल्यासारख्याच घरांतली पोरं होती.

म्हणून घरमालकाला किंवा कोळी बांधवांना त्या दिवसाची वेळ विचारल्याशिवाय पाण्यात पाऊल नको. गुडघ्याच्या वर पाणी नको. बुरखा, साडी किंवा घेरदार कपडे भिजले की जड होतात आणि लाटेत उठता येत नाही. पाण्याकडे पाठ करून सेल्फी काढू नका. होडीत बसताना लाइफ जॅकेट मागून घ्या, नाही म्हणाले तर दुसरी होडी पाहा.

शेवटी घरातल्या मोठ्यांसाठी

सेवाग्रामची बापू कुटी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. मातीच्या भिंती, वर कौलं, पण आत पाऊल टाकलं की मन शांत होतं. जागा चांगली असायला ती महाग असावी लागत नाही, हे आपल्या गावाला वेगळं सांगायला नको.

लग्नात आपण कपाट, फ्रिज आणि भांड्यांचा ढीग देतो. त्यातली एखादी वस्तू कमी करून जोडप्याच्या तीन रात्रींच्या मुक्कामाचा खर्च उचलला तर? एकत्र कुटुंबात नव्या जोडप्याला मोकळं बोलायला वेळ कमी मिळतो. एकमेकांची सवय, राग, भीती आणि आवडनिवड चार भिंतींतल्या गर्दीत कळत नाही. तिकडे गेल्यावर दर तासाला फोन करून 'जेवला का, कुठे आहात' विचारू नका. पोचल्याचा एक फोन आणि निघाल्याचा एक, बस. सोबत धाकट्या नणंदेला किंवा दिराला 'फिरून येईल' म्हणून पाठवू नका. तिला पुढच्या खेपेला सगळे मिळून समुद्र दाखवू, इन्शाअल्लाह.