मुलासाठी पाळीव प्राण्याची निवड

प्राणी पाळण्याचा हट्ट मूल एका क्षणात धरते. आणलेला प्राणी मात्र त्यानंतर अनेक वर्षे जगतो. ससा आठ-दहा वर्षे, गिनिपिग सुमारे पाच ते आठ वर्षे, तर चांगली निगा राखलेला सोनेरी मासा दहा वर्षांहूनही अधिक काळ जगू शकतो. सात वर्षांच्या मुलासाठी आणलेला ससा ते मूल शालान्त परीक्षेस बसेल तेव्हाही घरातच असण्याचा संभव असतो. यास्तव निवडीचा आरंभ प्राण्यांच्या दुकानात न करता घरातच करणे इष्ट होय. जागा किती आहे, उन्हाळ्यात घर किती तापते, आणि मे महिन्याच्या सुटीत सारे कुटुंब आजोळी गेल्यावर त्या जीवास दाणापाणी कोण देणार, हे आधी ठरले पाहिजे. मुलाने दिलेल्या वचनावर विसंबून कोणताही प्राणी आणू नये. रोजची जबाबदारी अखेरीस घरातील मोठ्या माणसावरच येते आणि ती घेण्यास कोणी तयार नसेल, तर प्राणी न आणणे हेच योग्य.

आपल्या देशात पिंजऱ्यातील पोपट हे फार जुने दृश्य आहे. तथापि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये भारतीय रानपोपट पकडणे, विकणे व पाळणे हा गुन्हा आहे. पाठीवर ताऱ्यांसारखी नक्षी असलेल्या कासवासही हाच नियम लागू पडतो. परदेशी जातीची छोटी पाणकासवे बाजारात दिसतात, परंतु नाण्याएवढे दिसणारे हे पिल्लू वाढून वीत-सव्वा वीत लांबीचे होते. शिवाय कासवांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात व ते लहान मुलांना आजारी पाडतात. याच कारणास्तव अमेरिकेत 1975 साली चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीस बंदी घालण्यात आली.

ससा दिसण्यात गोजिरवाणा असला तरी उचलून घेतलेले त्यास मुळीच रुचत नाही. मुलाच्या हातांतून सुटण्यासाठी तो मागच्या पायांनी इतक्या जोराने झटके देतो की प्रसंगी त्याच्याच पाठीचा कणा मोडतो. हॅमस्टर रात्री जागा असतो व मूल शाळेतून परतते तेव्हा झोपलेला असतो. वरचेवर उठविल्यास तो चावतो, आणि त्यात त्याचा काही दोष नसतो.

हाताळता येईल असाच प्राणी हवा असल्यास गिनिपिगचा विचार करावा. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतातील लोकांनी हजारो वर्षांपूर्वी हा प्राणी अन्नासाठी माणसाळविला. तो क्वचितच चावतो, दिवसा जागा असतो, आणि ओळखीच्या पावलांची चाहूल लागताच शीळ घातल्यासारखा आवाज काढतो. परंतु त्याच्या आहारात एक विशेष आहे. मनुष्याप्रमाणेच गिनिपिगचे शरीरही क जीवनसत्त्व स्वतः तयार करू शकत नाही. 1907 साली नॉर्वेमध्ये होल्स्ट व फ्रोलिच या संशोधकांनी गिनिपिगना केवळ धान्यावर ठेवले असता त्यांना स्कर्व्ही झाल्याचे दिसून आले, आणि या रोगाच्या अभ्यासास नवी दिशा मिळाली. घरच्या गिनिपिगला केवळ दाणे व पोळीचे तुकडे घातले तर तोच प्रयोग अजाणता पुन्हा घडतो. त्याचे मुख्य अन्न गवत, ताजे वा वाळलेले. त्याचे दात जन्मभर वाढत असल्याने ते झिजण्यासाठीही गवत लागते. त्याबरोबर रोज ढोबळी मिरचीची फोड, थोडी कोथिंबीर किंवा पेरूचा लहान तुकडा द्यावा.

गिनिपिग कळपाने राहणारा आहे. एकटा ठेवल्यास तो मलूल होतो. म्हणून दोन ठेवावेत, पण दोन्ही माद्या असाव्यात. नर-मादीची जोडी घेतली तर काही महिन्यांतच पिंजरा अपुरा पडतो, कारण मादी अवघ्या चार-पाच आठवड्यांच्या वयात गर्भ धारण करू शकते. आपल्याकडील खरी अडचण उष्म्याची आहे. पारा 30 अंश सेल्सिअसच्या वर गेला की गिनिपिगला त्रास होऊ लागतो. नागपूर किंवा जयपूरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली त्यास ठेवणे क्रूरपणाचे ठरेल. अशा घराने हा विचार सोडून द्यावा.

मासे पाळणे सोपे मानले जाते. दुकानातून आणलेले मासे आठवड्याभरात मेल्याचा अनुभव अनेक घरांनी घेतला आहे, आणि दोष बहुधा माशांना दिला जातो. प्रत्यक्षात माशांच्या उत्सर्जनातून पाण्यात अमोनिया साठतो व तो विषारी असतो. काही उपयुक्त जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर पुष्कळ कमी अपायकारक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू गाळणीवर व वाळूवर वस्ती करतात. ती वसण्यास साधारणपणे तीन ते सहा आठवडे लागतात. म्हणून नव्या काचपेटीत प्रथम दोन-तीनच मासे सोडावेत, अन्न चिमूटभरच घालावे, आणि सारे पाणी कधीही एकदम बदलू नये. दर आठवड्यास चौथा हिस्सा बदलावा. नळाचे पाणी क्लोरीन निघून जाण्यासाठी आदल्या दिवशी उघड्या बादलीत भरून ठेवावे. शोभेचे गोल भांडे मात्र टाळावे. त्यात पाणी थोडे, गाळणीस जागा नाही, आणि गळ्यापर्यंत भरले की हवेशी संपर्क येणारा पृष्ठभागही लहान. आपल्या हवामानास गप्पी मासा चांगला मानवतो. तो अंडी न घालता जिवंत पिल्ले देतो, हे पाहण्याची मुलांना मोठी मौज वाटते. जास्त झालेली पिल्ले तळ्यात वा नदीत सोडू नयेत, कारण हा मासा परदेशी आहे व तेथील देशी माशांस उपद्रव देतो.

ज्या घरास यांपैकी काहीही झेपणार नाही, त्या घरी, अथवा शाळेच्या वर्गात, लिंबाच्या झाडावरील फुलपाखराची अळी महिनाभर पाळता येते. खर्च काहीच नाही. लिंबू, कढीलिंब किंवा बेल यांच्या कोवळ्या पानावर पिवळसर, मोहरीहूनही लहान अंडे सापडते. ते पान डहाळीसह पाण्याच्या बाटलीत खोचून जाळीखाली ठेवावे, बाटलीचे तोंड कापसाने बुजवावे व पाने रोज ताजी द्यावीत. अळी आरंभी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. पुढे कात टाकून हिरवी होते. तिला डिवचले असता डोक्यामागून नारिंगी रंगाचा दुभंगलेला अवयव बाहेर येतो व उग्र वास सुटतो. पूर्ण वाढल्यावर ती कंबरेभोवती रेशमाचा धागा घेऊन डहाळीस बिलगते व कोश बनते. पुढील दीडेक आठवड्यात एखाद्या सकाळी फुलपाखरू बाहेर येते. चुरगळलेले पंख पसरून वाळेपर्यंत त्यास हात लावू नये. कधी कधी मात्र कोशास बारीक छिद्र पडते आणि फुलपाखराऐवजी त्यातून लहान गांधीलमाशीसारखे कीटक बाहेर पडतात. परोपजीवी कीटकाने अळी किंवा कोश यांत आधीच अंडी घातलेली असतात. असे घडल्यास कोश लपवून टाकू नये. मुलांना तो उघडून दाखवावा.