अपघात का झाला?

पिंपळगाव राजा खामगाव तालुक्यात. मुलूख कापसाचा. कापूस आला की जिन आलाच.

समजा, जिनात गड्याचा हात सापडला. लोक म्हणतात, "नशीब त्याचं!" पण पट्ट्यावर जाळी होती का? यंत्र चालू असताना हात घालायला कोणी सांगितलं? हे शोधणं शिकावं लागतं.

मुंबईत शीवला केंद्रीय श्रम संस्था आहे. तिथं सुरक्षिततेचा १ वर्षाचा पदविका-वर्ग चालतो. तो पदवी-पदविकावाल्यांसाठी. मुकादमाला थोड्या दिवसांचा वर्ग बरा. मात्र फी भरण्याआधी विचारा : यंत्रापाशी नेता का? जखमी गड्याशी कसं बोलावं, ते करून घेता का? नुसती वही भरून घेणारा वर्ग नको. "चूक कोणाची?" एवढंच शिकवणारा तर नकोच. गड्याला दोष दिला की जाळी बसवायची राहते, नि पुढल्या हंगामात दुसऱ्याचा हात जातो.