कमरेतील अरुंद वाट

रविवारच्या मिस्सेसाठी घरातून निघालेली वृद्ध माणसे वाटेत कोठे कोठे टेकतात, याकडे आपण कधी लक्ष दिले आहे काय? शे-दोनशे पावले चालली की त्यांच्या मांड्या जड होतात, पोटऱ्या भरून येतात, पायांना मुंग्या येतात. मग कोणाचा ओटा, कोणाची पायरी पाहून क्षणभर बसावे लागते. बसताच वेदना ओसरते. उठून चालू लागावे तो पुन्हा तीच गत. घरची तरुण मंडळी म्हणतात, ‘वयच झाले!’ एखाद्याच्या मनात असेही येते, की बसल्यावर दुखणे पळते, तेव्हा हे सोंग तर नव्हे ना? वाचकहो, हे सोंग नव्हे. पुष्कळदा हा कण्यातील मार्ग अरुंद झाल्याचा परिणाम असतो.

कमरेच्या भागात पाच मणके असतात. प्रत्येक मणक्याच्या मागील बाजूस एक पोकळी असते आणि मणके एकावर एक रचले गेल्याने तिचा सलग बोगदा तयार होतो. मज्जारज्जू साधारणतः कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली घोड्याच्या शेपटीसारखा मज्जातंतूंचा झुपका पायांकडे, मूत्राशयाकडे व गुदद्वाराकडे जातो. वयोमानाने मणक्यांमधील चकत्यांतील पाणी कमी होऊन त्या फुगीर होतात, मागील सांधे वाढतात, पिवळा अस्थिबंध जाड होतो. क्वचित एखादा मणका पुढे सरकतो. काहींचा बोगदा जन्मतःच अरुंद असतो. अशा चहूबाजूंच्या दाटीत मज्जातंतू आवळले जातात. चौथ्या व पाचव्या मणक्यांच्या मध्ये ही अडचण विशेषेकरून आढळते.

हॉलंडमधील उत्रेख्त येथील शल्यवैद्य हेंक व्हर्बीस्ट यांनी १९५४ साली या विकाराचे सविस्तर वर्णन इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले, आणि उभे राहता-चालता होणाऱ्या या वेदनेचे कारण वैद्यकजगतास स्पष्टपणे उमगले.

या दुखण्याची खूण मोठी बोलकी आहे. ताठ उभे राहिल्याने बोगदा आणखी आक्रसतो, पुढे वाकल्याने तो किंचित मोकळा होतो. म्हणूनच दोनशे पावले न चालवणारा मनुष्य सायकलवरून मात्र खुशाल गावाबाहेर जाऊन येतो. चढ चढणे त्यास सोपे जाते, उतार अवघड. पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरीही चालताना पोटऱ्या दुखतात. परंतु ती वेदना नुसते उभे राहिल्याने थांबते, या विकारात मात्र बसावे किंवा वाकावे लागते. मधुमेहानेही पाय बधिर होतात. यांतील भेद डॉक्टरांनीच तपासून ठरवावा.

चुंबकीय चित्र, म्हणजे एमआरआय, काढल्यास बोगद्याची रुंदी दिसते. तथापि साठी उलटलेल्या पुष्कळांच्या चित्रांत अरुंदपणा दिसतो आणि त्यांना त्रास काहीच नसतो. तेव्हा उपचार रोग्यावर करावयाचा, चित्रावर नव्हे.

प्रारंभी व्यायामतज्ज्ञांच्या मार्गदर्शनाने पोटाचे व कमरेचे स्नायू बळकट करावेत, वजन आटोक्यात ठेवावे, थांबत थांबत का होईना चालणे चालू ठेवावे. अंथरूण धरल्याने स्नायू अधिकच दुबळे होतात. वेदनाशामक गोळ्या दीर्घकाळ मनाने घेऊ नयेत. मूत्रपिंड व जठर यांस त्या अपाय करू शकतात. कण्यात देण्यात येणाऱ्या स्टेरॉइडच्या सुईने काहींना आराम वाटतो. परंतु २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, ४०० रोग्यांवरील अमेरिकन चाचणीत, बधिर करणाऱ्या औषधाबरोबर स्टेरॉइड दिल्याने सहा आठवड्यांनी विशेष अधिक लाभ आढळला नाही.

एवढे करूनही चालणे दुष्कर झाले, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. तीत मणक्याच्या मागील कमानीचा भाग व जाड झालेला अस्थिबंध काढून तंतूंना जागा करून देतात. पायांतील वेदनेस तिने पुष्कळांना आराम पडतो. निव्वळ कंबरदुखीस मात्र तितका भरवसा देता येत नाही. मणके स्क्रूंनी जोडण्याची गरजही प्रत्येकास नसते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील चाचणीत अशी जोड दिल्याने दोन वर्षांनंतर अधिक फायदा दिसला नाही. म्हणून ‘जोड कशासाठी?’ हे डॉक्टरांना अवश्य विचारावे.

परंतु लघवी अडली, लघवी-शौचावरील ताबा सुटला, जांघेत व बैठकीच्या जागी बधिरता आली, किंवा पाऊल एकाएकी लुळे पडले, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. तेथे एका दिवसाची दिरंगाईही कायमचे पंगुत्व आणू शकते.

लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात अठरा वर्षे वाकून चालणारी एक स्त्री आहे. तिचा विकार कोणता, हे सांगण्याचा आपला अधिकार नाही. परंतु एक गोष्ट विसरू नये: गर्दीने भरलेल्या सभास्थानात प्रभूने प्रथम तिला पाहिले, मग जवळ बोलाविले. आपल्याही धर्मग्रामात वाटेत टेकणारी पावले आहेत. त्यांच्यासाठी चर्चच्या वाटेवर एखादा बाक असावा, आत पाठीची खुर्ची असावी. आणि प्रकृतीमुळे मिस्सेत बसून राहणाऱ्या आजी-आजोबांना कोणीही संकोच वाटू देऊ नये. पुढच्या रविवारी घरातून निघताना आपण आपली चाल थोडी मंद करू या. ती त्यांच्या पावलांशी जुळली, तर त्यांचे दुखणे आपल्याला वेळीच दिसेल.