बटण दिसतंय, पण दाबलं जात नाही! ॲप त्याचं कारण का सांगत नाही?

कोल्हापूरहून मुंबईला जायचंय. रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस सोयीची, म्हणून तुम्ही आयआरसीटीसीचं ॲप उघडता. तारीख टाकता, क्लास निवडता आणि समोर एकच शब्द येतो, 'रिग्रेट'.

रिग्रेट म्हणजे दिलगीर आहोत. पण कशाबद्दल? रेल्वेच्या भाषेत याचा अर्थ असा की कन्फर्म सीट तर नाहीच, वेटिंगची ठरलेली मर्यादाही भरली, त्यामुळे आत्ता तिकीट काढताच येणार नाही. हे ज्याला माहीत आहे तो लगेच दुसरी तारीख बघतो. ज्याला माहीत नाही तो ॲप बंद करून परत उघडतो, नेटची रेंज बघतो आणि शेवटी जास्तीचे पैसे देऊन एजंटला गाठतो.

म्हणजे सोय बंद होती हा खरा त्रास नाही. ती का बंद आहे हे कळलं नाही, त्याचे पैसे गेले.

एखादी सोय बंद असते तेव्हा ॲप बनवणाऱ्यापुढे साधारण तीन रस्ते असतात. ती दाखवायचीच नाही. किंवा दाखवायची, पण फिकट करून, म्हणजे दाबली तरी काही होणार नाही. किंवा नेहमीसारखी ठेवायची आणि कुणी दाबलीच तर का चालत नाही ते सांगायचं.

फिकट करायची पद्धत जुनी आहे. 1984 साली आलेल्या ॲपलच्या मॅकिंटॉश कॉम्प्युटरच्या मेन्यूतही ती होती. त्यामागचा विचार चांगला होता. मेन्यूतली प्रत्येक गोष्ट कायम आपल्या जागी राहते, म्हणून माणसाला ती सवयीने सापडते. तुम्ही मजकूर निवडला नसेल तर 'कॉपी' फिकट दिसतं. तिथे कारण सांगायचीही गरज नाही, ते समोरच असतं.

अडचण होते ती कारण समोर नसतं तेव्हा. 2008 मध्ये जोएल स्पोल्स्की या अमेरिकन प्रोग्रामरने यावर थेट भूमिका घेतली होती. मेन्यूतल्या गोष्टी लपवू नका, फिकटही करू नका. चालू ठेवा आणि दाबल्यावर कारण सांगा, असं त्याचं म्हणणं. यावर डिझायनर मंडळींत आजही वाद आहे, कारण दाबू द्यायचं आणि मग नाही म्हणायचं, हेही चिडचिड करणारंच. आम्हाला विचाराल तर मधला रस्ता बरा. बटण फिकट ठेवा, पण त्याच्या खालीच एक ओळ लिहा.

पुणेरी पाट्यांना आपण कोल्हापूरकर कितीही हसलो तरी त्यांचं एक मान्य करावं लागेल. पाटी टोमणा मारते, पण दुकान कधी उघडणार ते सांगते. नुसतं पाडलेलं शटर तेवढंही सांगत नाही.

ओटीपीचं बटण आठवा. 'पुन्हा पाठवा' फिकट असतं आणि शेजारी सेकंद उलटे मोजले जात असतात. बंद आहे, किती वेळ बंद आहे, सगळं एका नजरेत. त्यामुळे तिथे कुणी घाबरत नाही.

आता व्हॉट्सॲप बघा. पाठवलेला मेसेज 15 मिनिटांपर्यंत एडिट करता येतो आणि साधारण अडीच दिवसांपर्यंत सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. मुदत संपली की तो पर्याय यादीतून गायब होतो. चुकीच्या ग्रुपवर फोटो गेलेल्या माणसाला वाटतं की आपल्याच फोनमध्ये बिघाड आहे.

इन्स्टाग्रामचंही तसंच. चपलांचं दुकान असलेल्या कुणी आपलं खातं बिझनेस केलं की रीलसाठीची बरीच गाजलेली गाणी दिसेनाशी होतात. ती गाणी लोकांना स्वतःच्या हौसेसाठी वापरायला मिळालेली असतात, मालाच्या जाहिरातीसाठी नाही. म्हणून बिझनेस खात्याला मोजकीच गाणी मिळतात. कारण रास्त आहे. पण जिथे गाणं शोधतो तिथेच ही ओळ ठळक दिसली, तर ॲप काढून परत टाकायचे उद्योग वाचतील.

आतापर्यंतचं नुकसान तिकिटाचं आणि गाण्याचं होतं. सरकारी पोर्टलवर ते घरखर्चाचं होतं.

लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सप्टेंबर 2025 मध्ये सुरू झाली. महिलेच्या आधारबरोबर पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक टाकायचा आणि त्यांच्या आधारशी जोडलेल्या मोबाइलवर आलेला ओटीपी द्यायचा, अशी रचना होती. मग जिचे पती आणि वडील दोघेही हयात नाहीत, किंवा जिचा घटस्फोट झालाय, तिने त्या रकान्यात काय भरायचं? फॉर्म पुढे सरकायचा नाही, आणि महिन्याचे 1500 रुपये त्यावर अवलंबून. नोव्हेंबरमध्ये सरकारने मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढवली आणि अशा महिलांनी स्वतःची ई-केवायसी करून मृत्यू प्रमाणपत्र किंवा घटस्फोटाची कागदपत्रं द्यावीत, असं जाहीर केलं. जे उत्तर मंत्र्यांना जाहीर करावं लागलं, ते पहिल्या दिवसापासून त्या रकान्याखाली असायला हवं होतं. 'पती किंवा वडील हयात नसल्यास इथे दाबा.' बस्स.

तत्काळ तिकिटाचंही बघून ठेवा. एसीचं बुकिंग सकाळी 10 ला आणि स्लीपरचं 11 ला सुरू होतं. 1 जुलै 2025 पासून आयआरसीटीसीवर तत्काळ तिकीट काढायला खातं आधारने पडताळलेलं लागतं. हे आदल्या दिवशी केलेलं बरं. 11 वाजता कळून उपयोग नाही.

फिकट अक्षरांचा आणखी एक तोटा बनवणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. वेबसाइट सगळ्यांना वाचता याव्यात म्हणून जगभर वापरले जाणारे डब्ल्यूसीएजी नियम अक्षरं आणि पार्श्वभूमी यांत किती फरक हवा ते सांगतात, पण बंद बटणाला त्यातून सूट आहे. एप्रिलच्या उन्हात बिंदू चौकात उभं राहून ते वाचून बघा. शिवाय अंध व्यक्ती कीबोर्डने एकेका बटणावर जात असतील, तर पूर्ण बंद केलेलं बटण त्यात लागतच नाही. त्यांच्यासाठी ते पानावर नसतंच. बटणाला 'बंद' म्हणून सांगूनही त्यावर जाता येईल, अशी सोय एचटीएमएलमध्ये आहे. ती वापरली पाहिजे.

तुमच्यासमोर असं बटण आलं तर आधी वर सरकवून लाल फुली किंवा चांदणी असलेला एखादा रकाना रिकामा राहिलाय का बघा. अटी मान्य असल्याचा छोटा चौकोन बऱ्याचदा राहून जातो. मोबाइल नंबर मराठी आकड्यांत टाकला असेल तर इंग्रजीत टाकून बघा. तरीही नाही झालं तर गुगलवर 'कस्टमर केअर नंबर' शोधून फोन लावू नका. तिथे ठगांनी पेरलेले खोटे नंबर असतात आणि ते स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकायला लावतात. मदतीचा नंबर त्या ॲपमधून किंवा अधिकृत साइटवरूनच घ्या. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर फोन करा.