तपासणी-अहवालातील शब्द आणि पेशींचे बदल

भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. मागाच्या शेडमध्ये सुताची बारीक धूळ तरंगत असते, गोदामांत हमालांच्या पाठीवर ओझी चढत-उतरत असतात आणि कित्येकांच्या गालात तंबाखू वा सुपारी असते. कष्टकरी घरातून वसतिगृहात आलेला विद्यार्थी अनेकदा त्या घरातील पहिला शिकलेला असतो. त्यामुळे आईवडिलांच्या तपासणीचा अहवाल वाचण्याची वेळ त्याच्यावर येते. त्या कागदावरील काही मूलभूत शब्द त्याला आधीच परिचित असावेत, या हेतूने आम्ही हे टिपण लिहीत आहोत.

सारख्या कामाच्या पेशी एकत्र येऊन ऊती बनते, हे आपण शाळेत शिकतो. रोगाचे मूळ या पेशींतील बदलांत शोधावे, हा विचार जर्मन वैद्य रूडॉल्फ फिरखो यांनी 1858 साली ग्रंथरूपाने मांडला. त्या बदलांचा अभ्यास म्हणजे विकृतिशास्त्र. भारतात या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर (1895–1978) अग्रगण्य होते. परळ येथे 1941 मध्ये सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयात त्यांनी कर्करोगाचा आणि तंबाखूसारख्या सवयींचा संबंध अभ्यासला.

पेशीवर ताण आला की ती प्रथम जुळवून घेते. ओझे वाहणाऱ्याचे स्नायू भरदार होतात. तेथे तंतूंचा आकार वाढतो. ही अतिवृद्धी, म्हणजे हायपरट्रॉफी. रक्तदाब दीर्घकाळ चढा राहिल्यास हृदयाच्या स्नायूतही हीच वाढ होते. मात्र ती हितकर नसते. पेशींची संख्या वाढली तर तिला हायपरप्लेझिया म्हणतात. याउलट, प्लास्टरमध्ये कित्येक आठवडे राहिलेला हात बारीक होतो. ही अपुष्टी, म्हणजे अ‍ॅट्रॉफी.

पुढची पायरी रूपबदलाची. श्वासनलिकेच्या अस्तरातील पेशींना सूक्ष्म केसांसारखे पक्ष्माभ असतात. ते धूळ आणि कफ वर लोटतात. विडीचा धूर वर्षानुवर्षे लागल्यास त्या पेशींच्या जागी चपट्या, थरांच्या पेशी येतात. याला मेटाप्लेझिया म्हणतात. नव्या पेशी अधिक चिवट असतात, पण त्यांना पक्ष्माभ नसतात. मागाच्या धुळीत काम करणाऱ्याने विडीही ओढली, तर धूळ बाहेर टाकण्याचे साधनच तो गमावू लागतो.

येथवरचे बदल, कारण वेळीच दूर केल्यास, बहुधा मागे फिरू शकतात. त्यानंतरचा शब्द अधिक गंभीर आहे: डिसप्लेझिया. यात पेशींचे आकार विषम होतात, केंद्रके मोठी व गडद दिसतात आणि थरांची शिस्त बिघडते. तंबाखू खाणाऱ्याच्या गालातील पांढऱ्या चट्ट्याचा तुकडा तपासला असता हा शब्द अहवालात येऊ शकतो. डिसप्लेझिया म्हणजे कर्करोग नव्हे. सौम्य असेल आणि तंबाखू सुटली, तर तो ओसरूही शकतो. तीव्र असेल तर उपचारांत दिरंगाई चालत नाही. विषम पेशी अस्तराखालचा पातळ पडदा भेदून आत शिरल्या, की त्याला कर्करोग म्हणतात.

काही बदल मात्र परतत नाहीत. सुपारी आणि गुटख्यामुळे गालाच्या अस्तराखाली ताठर तंतू साचतात. हा तंतुमयतेचा, म्हणजे फायब्रोसिसचा प्रकार. तोंड हळूहळू कमी उघडू लागते, तिखट सोसवत नाही आणि पुढे कर्करोगाचा धोकाही वाढतो. महाराष्ट्राने 2012 साली गुटख्यावर बंदी घातली. सुपारी सोडल्याने आजाराची वाढ रोखण्यास मदत होते, परंतु साचलेले तंतू सहसा विरघळत नाहीत.

नेक्रोसिस, म्हणजे ऊतिनाश, या शब्दानेही घर हादरते. त्याचा अर्थ त्या जागेतील पेशी मेल्या, इतकाच. रुग्णाच्या आयुष्याचा निकाल त्यात नसतो. क्षयरोगाच्या गाठीत मृत ऊती पनीरसारखी दिसते. तिला केझिअस नेक्रोसिस म्हणतात. असा अहवाल आला तरी डॉक्टरांनी सांगितलेला औषधांचा पूर्ण कोर्स घेतल्यास क्षयरोग सहसा बरा होतो.

अहवालाचा अर्थ लावणे हे डॉक्टरांचेच काम आहे. विद्यार्थ्याने त्यांना दोन प्रश्न मात्र अवश्य विचारावेत: हा बदल परतणारा आहे काय? आणि तो परतावा म्हणून घरात काय थांबवले पाहिजे? तोंडातील व्रण वा चट्टा दोन आठवड्यांत बरा झाला नाही, तर अहवालाची वेळ येण्यापूर्वीच घरच्या माणसाला दवाखान्यात न्यावे. पेशी परतीची वाट बराच काळ मोकळी ठेवते. त्या काळात कोणीतरी घरच्यांना ते समजावून सांगायला हवे. ते काम आमचे विद्यार्थी करू शकतात, असा आम्हाला विश्वास आहे.